चार पैसे कुणी खाल्ले?

आमच्या आजीला अर्थशास्त्रातला एकच प्रश्न पडला होता, आणि तो तिला १ एप्रिल १९५७ रोजी पडला. त्या दिवशी देशात नवे पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया असा सुटसुटीत (हा शब्द आजीचा) हिशोब होता. आजीला पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. आणि अचानक सांगण्यात आलं की रुपयाचे शंभर. मुहूर्त एप्रिल फूलचा होता, त्यामुळे तिने पहिले दोन दिवस विश्वासच ठेवला नाही म्हणे.

शंभराला सोळाने भागलं की सव्वासहा येतात, हे पावकी येणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पण पाव पैसा सरकारने पाडलाच नव्हता. म्हणून एक कोष्टक आलं. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे. दोन आणे म्हणजे बारा. (साडेबाराचे बारा!) तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आण्यांचे चोख पंचवीस. आजीने कोष्टक वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि माझ्या वडिलांच्या हातात सोळा सुट्टे आणे देऊन त्यांना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पिटाळलं. अट अशी की एका खेपेला एकच आणा मोडायचा. वडील तेव्हा दहा वर्षांचे. त्यांनी सोळा खेपा घातल्या. बाराव्या खेपेपासून वाणी शिव्या देऊ लागला, पण पैसे देत राहिला. घरी आल्यावर आजीने ते पसरून मोजले. शहाण्णव.

"चार पैसे कुणी खाल्ले?" आजीने विचारलं.

वडिलांना वाटलं आपल्यावर संशय आहे. ते रडले. तरीही आजीने प्रश्न मागे घेतला नाही. १९६४ साली पैशातला 'नवा' गळून पडला, पुढे मीही जन्मलो, तरी प्रश्न तिथेच. मला कळू लागलं तेव्हा ती तो मलाही विचारायची. मी कॉमर्सला जाणार हे ठरलं, त्यामागे या चार पैशांचा छडा लावण्याची घराण्याची जबाबदारी असावी असा माझा समज आहे. मार्क कमी पडले हे दुसरं कारण.

(जाता जाता एक शोध जाहीर करतो. तोच रुपया पाच वेळा तीन-तीन आणे आणि एकदा एक आणा असा मोडला असता, तर एकोणीस पंचे पंच्याण्णव आणि वर सहा, म्हणजे एकशे एक पैसे आले असते. पैसाभर फायदा! हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सुचलं. आजीला वेळेवर कळलं असतं, तर माझ्या वडिलांचं बालपण वाण्याच्या दुकानातच गेलं असतं.)

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमची कन्या. ती अकरावीत आहे आणि तिने संगणकशास्त्र घेतलंय. परवा रात्री ती पायथन नावाच्या भाषेचा अभ्यास करत होती. भाषेला अजगराचं नाव कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, अजगराचा संबंध नाही, ते एका विनोदी कार्यक्रमाचं नाव आहे." म्हणजे विनोदावरून नाव ठेवलेली भाषा मुलं घाबरत शिकतात, आणि बाप विनोद लिहितो ते कुणी वाचत नाही. असो.

"बाबा, दोन पूर्णांक नऊ दशांशचा इंट किती?"

"तीन," मी म्हणालो. वीस वर्षांवर बँकेत काढली आहेत. पन्नास पैसे आणि त्यावर असेल तर पुढचा रुपया, त्याखाली असेल तर सोडून द्यायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम माझ्या रक्तात आहे.

"दोन. दशांश चिन्हापुढचं सगळं कापून टाकतात."

"नव्वद पैसे कापतात? आणि टाकतात कुठे?"

"कुठेच नाही. कापतात."

आजी आठवली ती इथे. नव्वद पैसे 'कुठेच' जात नाहीत हे वाक्य कुठल्याही हिशोबनीसाच्या अंगावर काटा आणणारं आहे. आमच्याकडे ट्रायल बॅलन्समध्ये नव्वद पैशांचा फरक आला, तर अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत चहावर जगते.

पण कन्या एवढ्यावर थांबली नाही. "आता उणे दोन पूर्णांक नऊ. इंट लावला तर उणे दोन. फ्लोअर लावला तर उणे तीन."

"का?"

"फ्लोअर नेहमी खाली जातो. उणे तीन हे उणे दोनच्या खाली असतं. इंट शून्याकडे जातो."

यावर मी पंधरा मिनिटं गप्प होतो. (सौ. दोनदा येऊन बघून गेली.) मग माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. माणसाची बँकेत ठेव असेल तर इंट काय, फ्लोअर काय, दोन्ही त्याचे पैसे कापतात. पण माणूस कर्जात असला म्हणजे गोष्ट बदलते. दोन रुपये नव्वद पैसे देणं असलेल्याला इंट म्हणतो, "जाऊ द्या हो, दोनच द्या." फ्लोअर म्हणतो, "तीन ठेव इथे." एक घरचा माणूस आहे, दुसरा सावकार. कन्येला हे सांगितलं. ती म्हणाली परीक्षेत असं लिहिता येत नाही.

तिची परीक्षा तिच्यापाशी, पण मला नाद लागला. आठ दिवस मी हा कापण्याचा इतिहास खणत बसलो, आणि आजीच्या चार पैशांचे भाऊबंद जगभर सापडत गेले.

मूळ कल्पना जुनीच. आर्यभटाने वर्तुळाचा परीघ सांगताना तो 'आसन्न', म्हणजे जवळपासचा आहे, असं स्वच्छ म्हणून ठेवलंय. कापलं, पण कापलं म्हणून सांगितलं! जर्मनीतल्या गाउसने १८०८ साली अपूर्णांक छाटून उरलेल्या पूर्णांकाला चौकटी कंस दिला. मग १९६२ साली केनेथ आयव्हरसन या गृहस्थांनी एका पुस्तकात खालच्या पूर्णांकाला 'फ्लोअर' आणि वरच्याला 'सीलिंग' अशी नावं दिली. कंसाचा वरचा कान कापला की जमीन, खालचा कापला की छत. एक खोली आणि मध्ये लोंबकळणारा अपूर्णांक. मुंबईत जागा घेतलेल्या कुणालाही हे चित्र समजेल.

त्याआधी १९५७ साली, म्हणजे आजीच्या नव्या पैशांच्याच वर्षी, अमेरिकेत फोरट्रान ही संगणकभाषा बाजारात आली होती. तिच्यात एक गंमत होती. एखाद्या संख्येला ठेवलेलं नाव आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी एका अक्षराने सुरू झालं, की ती संख्या पूर्णांक समजायची. अपूर्णांक तिथे टिकणारच नाही, आपोआप कापला जाणार. आता बघा, मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल. पी. त्याचे पैसे शाबूत. व्याज म्हणजे इंटरेस्ट. आय! व्याज मांडलं रे मांडलं की त्याच्या मानेवर सुरी. यात कुणा बँकवाल्याचा हात नव्हता, इंग्रजी वर्णमालेचा होता. पण आमच्या बँकेतल्या कुणी भाषा केली असती तर ती याहून वेगळी झाली नसती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि बँकांचं नाव कुठे निघावं? पायथनमध्ये 'राउंड' नावाचं आणखी एक प्रकरण आहे. ते अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार. बरोबर मध्यावर आलं तर शेजारच्या सम संख्येकडे जायचं. याला म्हणतात 'बँकर्स राउंडिंग'. मी उभ्या जन्मात एकाही बँकरला हे करताना पाहिलेलं नाही. आम्हाला अडीच दिले तर आम्ही आधी पॅनकार्ड मागतो.

पण वाचकहो, खरी गोष्ट कॅनडात घडली.

व्हँकुव्हर शहरात एक शेअरबाजार होता. छोट्या छोट्या खाणकंपन्यांचे चिल्लर भावाचे शेअर तिथे विकले जायचे. खाणीत काही असो वा नसो, शेअर असायचा. बाजाराची कीर्तीही बेताचीच. तर या बाजाराने १९८२ च्या जानेवारीत स्वतःचा एक निर्देशांक सुरू केला. सुरुवातीला त्याची किंमत धरली १०००. दर सौदा झाला की संगणकाने कालच्या नव्हे, क्षणापूर्वीच्या आकड्यात तेवढा बदल करायचा आणि नवा आकडा फळ्यावर. दशांश चिन्हानंतर तीन स्थळं ठेवायची. चौथ्या स्थळापासून पुढचं? कापायचं.

आता चौथं स्थळ म्हणजे किती? सरासरीने एका सौद्याला एका अंकाचा दोन-हजारावा भाग गेला. वाण्याच्या पारड्याला चिकटलेली साखरसुद्धा याहून जास्त भरेल. पण सौदे व्हायचे दिवसाला तीन हजारांच्या आसपास! म्हणजे रोज एक-दीड अंक. आणि गंमत अशी की कापलेला आकडाच पुढच्या हिशोबाला घ्यायचा, तो पुन्हा कापायचा, तो कापलेला पुन्हा पुढे. आजीने वडिलांना सोळा खेपा घालायला लावल्या. इथे तीन हजार खेपा, रोज, बावीस महिने, आणि शिव्या द्यायला वाणीही नाही.

शेजारच्या अमेरिकेत १९८२ च्या ऑगस्टपासून बाजार वर चढत होता. व्हँकुव्हरचा निर्देशांक मात्र क्षयाच्या रोग्यासारखा झिजत चालला. हजाराचे नऊशे, आठशे, सातशे. १९८३ च्या नोव्हेंबरात तो सव्वापाचशेच्या घरात आला. मला नवल वाटतं ते या बावीस महिन्यांचं. एवढी सुटाबुटातली माणसं रोज तो आकडा बघत होती. त्यांनी काय काय कारणं दिली असतील! सोनं उतरलं, सरकार बदलणार, हवा कुंद आहे. आपल्याकडे एखाद्या माणसाचं वजन रोज घटू लागलं तर चार घरची माणसं चार काढे सुचवतात, पण काटा तपासावा हे कुणाला सुचत नाही. तशातली गत.

शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९८३ रोजी बाजार बंद झाला तेव्हा निर्देशांक ५२४ होता. सोमवारी, २८ तारखेला, तो १०९८ होता. मधल्या शनिवार-रविवारी एकही शेअर विकला गेला नव्हता. फक्त हिशोब बरोबर केला. म्हणजे बाजार खरं तर बावीस महिने जवळजवळ दहा टक्क्यांनी नफ्यात होता आणि सगळा गाव त्याचा सुतक पाळत होता. पुढे १९९९ साली तो बाजार दुसऱ्या एका बाजारात विलीन झाला. त्याला कारणं वेगळी होती.

हे मी जेवताना रंगवून सांगितलं. सौ. म्हणाली, "मग ते पावणेसहाशे कुणी खाल्ले?" बघा, आजी गेली तरी प्रश्न घरातच आहे. कुणीच खाल्ले नव्हते. याच १९८३ साली 'सुपरमॅन'चा तिसरा सिनेमा आला होता. त्यात एक पठ्ठ्या कंपनीच्या पगारातले असे कापलेले अर्धे सेंट गोळा करून स्वतःच्या नावावर वळवतो. तिथे खाणारा तरी होता! व्हँकुव्हरला ताट, वाढपी, सगळं होतं आणि जेवणारा कुणीच नव्हता.

इथपर्यंत मी हसत होतो. पुढचं वाचलं तेव्हा हसू थांबलं, तरी ते सांगितल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही.

आधी एक गोष्ट. आपण १९५७ साली शंभराच्या हिशोबात आलो, पण संगणक आलेला नाही. तो अजून आजीच्याच हिशोबात आहे. त्याला अर्धा कळतो, अर्ध्याचा अर्धा पाव कळतो, पावाचे अर्धे दोन आणे, त्याचा अर्धा आणा, अर्धा आणा, पैसा, असं निम्म्यानिम्म्याने खाली. दहा पैसे म्हटलं की त्याची पंचाईत होते. आणा घेतला, सव्वासहा झाले. अर्धा आणा घातला, नऊ आणि थोडे वर. पैसा घातला तर दहाच्या पलीकडे जातात. म्हणून आणखी बारीक तुकडा, त्याहून बारीक, असं तो जन्मभर घालत बसला तरी बरोबर दहा होत नाहीत. कुठेतरी थांबून उरलेलं कापावंच लागतं.

१९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकी सैन्याने पेट्रियट क्षेपणास्त्रं लावून ठेवली होती. येणारं शत्रूचं क्षेपणास्त्र आकाशात हेरून फोडणं हे त्यांचं काम. त्यांच्या यंत्रातलं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं. दहावा भाग! तेच दहा पैसे. चोवीस अंकांवर कापलेले. चूक किती, तर दर टिकटिकीला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. यंत्र मधूनमधून बंद करून चालू केलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून निघायचं आणि चूक पुसली जायची. पण ते यंत्र सलग शंभर तास चालू राहिलं. छत्तीस लाख टिकटिकी. एकूण चूक झाली एकतृतीयांश सेकंदाची. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं. २५ फेब्रुवारीला स्कड आलं, यंत्राने भलत्याच जागी आकाश तपासलं, तिथे काही दिसलं नाही, आणि ते एका बराकीवर पडलं. २८ सैनिक गेले. सुधारलेला प्रोग्राम वाटेत होता. तो दुसऱ्या दिवशी पोचला.

कन्येला हे मी सांगितलं नव्हतं. तिने माझ्या कागदावर वाचलं. मग म्हणाली, "बाबा, आम्हाला फक्त दोन मार्कांसाठी विचारतात हे."

तर आता माझं स्वतःचं. हा नाद मला खरं म्हणजे नवा नाही. मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हाची, २००६ सालची गोष्ट. शाखा कुठली ते सांगत नाही, बँक तर नाहीच सांगत. ऑक्टोबर महिन्यात एक निवृत्त मास्तर माझ्या काउंटरवर आले. हातात पासबुक आणि चौरेघी वही. वहीत त्यांनी बचत खात्याच्या सहा सहामाह्यांचं व्याज साडेतीन टक्क्यांनी काढलेलं. अक्षर असं की ओवाळावं.

"चिरंजीव, चार ठिकाणी एकेक रुपया कमी आहे."

मी पाहिलं. त्यांच्या वहीत दोनशे अकरा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे, पासबुकात २११. वहीत दोनशे चार एकसष्ट, पासबुकात २०४. पन्नासाच्या वरचं सगळं खाली बसलं होतं. शाखेतला प्रोग्राम राउंड न करता कापत होता. पण त्या वेळी मला एवढं कुठलं सुचायला? मी म्हणालो, "मास्तर, कॉम्प्युटर चुकत नाही."

"कॉम्प्युटर चुकला असं मी म्हटलेलं नाही," मास्तर म्हणाले. "चार रुपये कमी आहेत एवढंच म्हटलं."

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेब घाईत होते, वसुलीची मीटिंग होती. त्यांनी वही न बघता खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "घ्या मास्तर, एक माझ्याकडून चहाला."

मास्तरांनी नाणं बोटाने परत सरकवलं. "हे तुमचे आहेत. मला माझे हवेत."

साहेबांचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्यांनी नाणं खिशात घातलं, वही ओढली आणि खुर्चीत नीट बसले. वसुलीची मीटिंग अर्धा तास उशिरा सुरू झाली. शाखेत नऊ हजार बचत खाती होती. निम्म्यांचा रुपया गेला असं धरलं, तर दर सहामाहीला साडेचार हजार. कुणाच्या खिशात? कुणाच्याच नाही. व्याजाच्या खर्चात तेवढा खर्च कमी दिसत होता आणि त्याबद्दल शाखेचं मागच्या वर्षी कौतुक झालं होतं.

साहेबांनी वर पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं, रक्कम क्षुल्लक आहे. साहेबांनी दुसरं लिहिलं आणि सोबत मास्तरांच्या वहीची झेरॉक्स जोडली. तिसऱ्या पत्राचा मसुदा मी लिहिला. वाण्याकडच्या सोळा खेपा त्यात घालायचा मोह झाला होता, साहेबांनी खोडला. २००७ च्या मार्चअखेर प्रोग्राम दुरुस्त झाला, आणि ज्याचे त्याचे रुपये ज्याच्या त्याच्या खात्यात गेले. एकाही दुसऱ्या खातेदाराने विचारलं नाही की हे कसले.

मास्तर एप्रिलमध्ये आले. मी पासबुक छापून दिलं, चार रुपये जमा. त्यांनी चष्मा वर करून नोंद वाचली, वही उघडली, आणि पेन्सिलीने काहीतरी मांडू लागले. मागे रांग वाढत होती.

"आता काय, मास्तर?"

"या चार रुपयांवरचं व्याज. पहिला तीन वर्षं तुमच्याकडे होता, दुसरा अडीच, तिसरा एक, चौथा अर्धं. सात रुपये-वर्षं झाली. साडेतीन टक्क्यांनी साडेचोवीस पैसे."

माझ्या पोटात गोळा आला. चौथं पत्र! मी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं.

मास्तरांनी वही मिटली. "पन्नासाच्या आत आहेत," ते म्हणाले. "सोडून द्यायचे. नियम आहे." आणि पासबुक पिशवीत घालून निघाले.